वखारीला उंबरा

तो माणूस मला आजही आवडत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

चिंचवडला स्टेशनजवळ त्याची गुळाची जुनी वखार होती. व्यापार बसल्यामुळे रिकामीच पडलेली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. झालो, टायपिंग शिकलो आणि ठरवलं, पुण्यात कुणाच्या हाताखाली कारकुनी करायची नाही. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते. नोकरीला येणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजीत अर्ज हवा होता. वखार भाड्यानं घ्यायची, पुढं टायपिंगचा क्लास काढायचा, मागं घर करायचं, असा माझा बेत. वडील मुंबईला गिरणीत. त्यांच्या खोलीत पुरुषांनाच पाय पसरायला जागा नव्हती. म्हणून आई सांगवीला मामाकडे राहायची. राहायची म्हणजे मामीची धुणीभांडी करायची. तिला तिथून हलवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

वखार मात्र घर व्हायला तयार नव्हती. भिंती वर्षानुवर्षं गूळ प्यालेल्या. चुना मारला की तांबूस डाग पुन्हा वर. फरशी उकळत्या पाण्यानं धुतली तर सगळा चिकटा वर आला. चप्पल जागेवर राहायची आणि पाय पुढं जायचा. मुंगळे टाइपरायटरच्या पोटात शिरले. गवंडी म्हणाला, "राव, चहाला साखर कशाला आणता? कप भिंतीला घासा." मला हसू आलं नाही.

मधे विटांची भिंत घातली, मागं खिडकी पाडली, चूल मांडली आणि आईला दाखवायला आणलं. ती दारापर्यंत आली आणि थांबली.

"उंबरा कुठंय?"

"वखारीला उंबरा नसतो, आई. ढकलगाडी आत न्यावी लागते."

"मग मला काय ढकलगाडीवर घालून नेणारेस? उंबरा नाही ते दुकान. दुकानात मी राहायची नाही."

आत पाऊलसुद्धा न टाकता ती परत गेली. मामीच्या भांड्यांकडे.

मी सुतार बोलावला. त्यानं बाभळीचा जाडजूड उंबरा संध्याकाळी बसवला. दुसऱ्या दिवशी आईनं येऊन पूजा करायची आणि राहायलाच लागायचं, असं ठरलं. पण सकाळी मी तिला आणायला निघणार, एवढ्यात मालक दारात. बरोबर दोन गडी आणि पहार.

"बीए," तो म्हणाला. मला नावानं त्यानं कधी हाक मारली नाही. "हे काय बसवलंस?"

"दिसतंय ना. उंबरा."

"मी वखार दिली हाय. घर न्हाई दिलं. आज उंबरा, उद्या तुळस, परवा बारसं. एकदा चूल पेटली का मानूस हलतोय व्हय?"

"मागं राहणार हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं, मालक."

"मंग ऱ्हा की! वखारीत ऱ्हा. गुळाच्या ढेपी पन ऱ्हायच्या."

गडी हसले. पहारीचे घाव पडले आणि उंबरा रस्त्यावर जाऊन पडला. पूजा होईपर्यंत ते नुसतं लाकूड, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर सकाळीच आला. माणसं जमली. नुसती बघायला. गाव त्याचं, मी उपरा.

मी कायद्याची भाषा काढली. तो म्हणाला, "इंग्रजीत बोल, मंजी मला लई भ्या वाटंल."

सांगवीला जाऊन आईला सगळं सांगितलं. मामी आतून म्हणाली, "एवढा शिकला, पण धड एक दार नाही करता आलं." आईनं घासायला घेतलेलं पातेलं तसंच राखेत ठेवलं, हात धुतले, हळदकुंकवाची पुडी कनवटीला लावली आणि माझ्यापुढं चालू लागली.

सुतारानं तोच उंबरा पुन्हा बसवायला घेतला. तो सरळ बसतोय की नाही हे बघायच्या आधीच आईनं त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, डोकं टेकलं. मालकाला कुणीतरी कळवलंच. तो गडी घेऊन आला, पण कुंकू बघताच एका गड्यानं पहार खाली ठेवली.

"मालक, पुजलाय त्यो. आमच्यानं न्हाई व्हायचं."

"हान म्हनतो ना!"

"तुमी हाना."

त्यानं पहार स्वतः उचलली. आई आतल्या बाजूला उभी होती.

"हाणा की, भाऊ," ती म्हणाली. "घरी तुमची आईही उंबरा पुजत असेल. तिला विचारून आलात ना?"

पहार वर गेली नाही. त्यानं ती रस्त्यावर आपटली आणि माझ्याकडे बघून थुंकला. "बाईमानसाला पुढं केलंस, बीए. लाज न्हाई तुला."

"नाही," मी म्हणालो.

मला कायद्यानं जिंकायचं होतं, हळदकुंकवानं नव्हे. पण आई चुलीपाशी बसली होती, आणि ते मला पुरेसं होतं. मालकानं नंतर आमच्या खिडकीखाली उकिरडा केला, गावातल्या पोरांना क्लासला जाऊ नका म्हणून सांगितलं. रोज सकाळी समोरून जाताना मुद्दाम आरोळी ठोकायचा, "वखारवाले हायत का?"

आई आतून तेवढ्याच मोठ्यानं उत्तर द्यायची, "घरात आहेत. काय काम आहे?"

काम कधीच नसायचं.