स्विचवरचा शर्ट

"आदी व्हॉल, मगे स्विच, मगे फ्यूज खिशात," असं पुटपुटत ते शर्टाची बटणं काढायला लागायचे.

मुळगावच्या बाजूला खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसणारा मोठा पंप होता. ते त्याचे ऑपरेटर, मूळचे दोडामार्गकडचे. मी स्टोअरकीपर. पंप दुरुस्तीला घेतला की ते आधी व्हॉल, म्हणजे पाइपावरचा व्हॉल्व्ह, सावकाश आवळायचे, नाहीतर वर चढलेलं पाणी उलटं येऊन पंपावर आदळतं. मग स्विच पाडायचा, तिन्ही फ्यूज काढून हाफ पँटच्या खिशात टाकायचे आणि स्विचचा दांडा एकदा वर करून पंप फिरत नाही ना, ते बघायचं. "इचारलेला बरा. यंत्र खोटा बोलणा नाय. खोटा बोलतत ती माणसां." दांडा परत खाली करून त्यावर अंगातला शर्ट अडकवायचे. शर्ट दिसला की सगळ्यांना कळे, माणसाचा हात पंपात आहे.

त्या तेलकट, तांबड्या शर्टाची ऑफिसला लाज वाटे. तिथे 'काम चालू आहे' असा रीतसर बोर्ड हवा, असं ठरलं. पण दिवस घटकराज्याचे, राजभाषेच्या भांडणाचे. बोर्ड कोंकणीत की मराठीत, यावर बैठका झाल्या. एकाने इंग्रजी सुचवलं, तेव्हा दोन्ही बाजू पहिल्यांदाच एक झाल्या. एकमत झालं ते फक्त रंगावर. तांबडा रंग दिलेला कोरा बोर्ड माझ्या स्टोअरमध्ये दोन पावसाळे उभा होता. अशी ऑफिसं तुम्हीही पाहिली असतील.

मी ऑपरेटरांचं मत विचारलं.

"बाय, माझो शर्ट खंयची भाषा बोलता?"

एकदा मोठे पाहुणे खाण बघायला आले. हे पंपात कोपरापर्यंत हात घालून चाकात अडकलेलं पोतं ओढत होते. मी पंपाची गळती थांबवणारी ग्लँडची दोरी द्यायला आले होते. मॅनेजरनी पुढे होऊन शर्ट दोन बोटांनी उचलला, खाली टाकला आणि पाहुण्यांना पाणी दाखवायला दांडा वर केला.

पंप गप्प.

त्यांनी हात बाहेर काढला, खिसा थोपटला. "सायबानू, शर्ट काढलात तो काढलात, घडी तरी घालूक होयी होती."

मॅनेजर पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे."

पाहुणे गेल्यावर ऑपरेटर माझ्या स्टोअरच्या पायरीवर टेकले. खिशातले तिन्ही फ्यूज काढून एकदा मोजले. "सवय म्हणान वाचलंय, बाय," एवढंच म्हणाले.

आठवड्याभरात बोर्ड रंगवून आला, तिन्ही भाषांत. लावला मुख्य गेटवर. पाहुण्यांना दिसावा म्हणून.

ते निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ मिळाला. घरी निघाले ते बनियनवर शाल पांघरून. शर्ट स्विचशेजारच्या खिळ्यावर ठेवला होता.

"अहो, शर्ट राहिला," मी म्हटलं.

"रवूंदे. नव्या ऑपरेटराचो शर्ट टेरिकॉटचो. तो काय अडकवचो नाय."

ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पंप उघडला की नवा ऑपरेटर मुकाट्याने तोच शर्ट दांड्यावर घालतो. त्याचं वरचं बटण तुटलंय. मी लावलेलं नाही. दांड्याला बटण लागत नाही.