आष्टीच्या लिंबाखाली उभी आमची अ‍ॅम्बेसेडर

बाबांच्या कपाटात बाईकच्या विम्याचा कागद शोधत होतो, हाती लागली जुनी पावती. आमची पांढरी अ‍ॅम्बेसेडर आष्टीच्या कुणा राऊतांना विकल्याची. मी तेव्हा सातवीत होतो. त्या गाडीचं स्टिअरिंग धरायला किती रडलो असेन! बाबांचं एकच, "मोठा हो, मंग शिकवतो." मोठा झालो तोवर गाडी गेली. एकदा तरी चालवायचीच, असं ठरवलं आणि बाबांना न सांगता सिंदी मेघेहून निघालो.

आष्टीला जायचं आर्वीवरून. मी गेलो पवनारला, म्हणजे बरोबर उलट दिशेला. धाम नदीच्या खडकांवर सकाळचं ऊन छान असतं, एवढंच कारण. तासभर बसलो. तुम्ही असं करू नका. आर्वीत मात्र थांबा. तर्री-पोहे खाल्ले, तीस रुपयांत दुपार निघाली.

आष्टीत आठवडी बाजार भरलेला. मिरच्या विकणाऱ्या मावशींना विचारलं.

"पांढऱ्या गाडीवाले राऊत? सरळ जाय. लिंबाखाली उभीच आहे."

होती. चकचकीत धुतलेली, डॅशबोर्डवर बाबांनी चिकटवलेला गणपती तसाच. राऊतकाकांना बाबांचं नाव सांगितलं तर ते हसले. "मंग गोरसपाक कुठी आहे? तुये बाबा दर दसऱ्याले त्या वर्ध्याच्या बिस्किटांचा डबा आणते."

"दर दसऱ्याले?"

"गाडीची पूजा तेच करते न. तुले नाई माहीत?"

मला माहीत होतं ते इतकंच, की दसऱ्याला बाबा जुन्या मित्राला सोनं द्यायला जातात. माझ्या बाईकला त्यांनी कधी झेंडूचं एक फूल लावलं नाही.

पुढचं ऐकून कान तापले. काकांची पल्लवी, माझ्याच वयाची, गाडी शिकली ती बाबांकडून. तिनं चावी पुढे केली. गिअर स्टिअरिंगलाच. मी तीनदा गाडी बंद पाडली.

"'क्लच हळू सोड बेटा, घाई कोणाले आहे?' तुये बाबा असंच म्हणते," ती शेजारून म्हणाली.

बेटा! मला घरी 'अबे' मिळतं.

शेवटी तिनंच बाजाराला एक चक्कर मारून आणली. मी मागच्या सीटवर. सातवीत बसायचो तिथंच.

संध्याकाळी घरी पोचलो. राऊतकाकांचा फोन आधीच आलेला. बाबांचा पहिला प्रश्न, "पल्लवीनं चोक जास्त तर नाई ओढला न?"

"मले काऊन नाई शिकवलं?"

"दर दसऱ्याले फोन करून राह्यलो, घरी येजो, आष्टीले संग जाऊ म्हणून. तू कुठी होता?"

मी माझा हा भटकंतीचा ब्लॉग उघडून पाहिला. चार दसरे, चार पोस्ट. स्पिती, कच्छ, हंपी, परत स्पिती. बाबांचं खरंच होतं.

तरी पल्लवीवरचा जळफळाट काही गेला नाही. तिसरा गिअर तिचा एका झटक्यात पडतो, अगदी बाबांसारखा.