माझा पास नवऱ्याच्या लॉगिनमध्ये

मैत्रिणींनो, आज सकाळचीच गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की माझ्या नवऱ्याने, महेशने, सिंगापूरचं नागरिकत्व घ्यायचं आणि मी भारताचा पासपोर्ट ठेवायचा. म्हणजे दोन्हीकडची दारं उघडी. केवढे हुशार समजत होतो स्वतःला! पुढे माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज दोनदा नाकारला गेला. तेव्हापासून मी इथे राहते ती लाँग टर्म व्हिजिट पासवर, आणि त्याचा स्पॉन्सर महेश, म्हणजे अर्ज दर वेळी त्यानेच भरायचा.

आज तो पास रिन्यू करायला महेश लॅपटॉप घेऊन बसला होता. माझ्या आईने तीन महिने इथे सेरंगूनला आमच्याकडे राहायला यावं की नाही, यावरून आमची नेहमीची वादावादी चालू होती. मी आवाज चढवला, तसा तो हसत म्हणाला, "जपून बोल हं, अजून सबमिट दाबलेलं नाही."

मी गारच पडले.

"अगं, गंमत केली!"

"जोकिंग ओन्ली लाह, मम्मी," लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

गंमतच होती. महेश भला माणूस आहे. त्याने लगेच बटण दाबलं, चहाही केला. तरी मी विचारलं, "पण तू खरंच माझा पास काढून घेऊ शकतोस?"

त्याने स्क्रीनवरचा नियम वाचला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हो."

सतरा वर्षांचा संसार!

तुमच्यापैकी कितीजणी अशा पासवर आहात? भांडता का अजून मोकळेपणाने?

मी तर दुपारी आईला फोन करून सांगितलं, "यंदा नको येऊस."