लांडगा दोन्ही वाटांवर

हिंगोलीत डेपोच्या मागे, एका किराणा दुकानाच्या माडीवर मी संगणकाचा कोर्स केला, तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. कोर्सच्या शेवटी प्रोजेक्ट करायचा होता. "विषय ज्यानं त्यानं आपल्या मनानं निवडा," सर म्हणाले आणि फळ्यावर त्यांनीच लिहिलं: ग्रंथालय. सगळ्या वर्गानं आपापल्या मनानं ग्रंथालय निवडलं, कारण मागच्या बॅचचा ग्रंथालयाचा प्रोग्राम फ्लॉपीवर तयार होता. आमच्यातल्या कुणीच कधी ग्रंथालयात पाय ठेवला नव्हता, पण त्यानं काही अडत नव्हतं.

मी एकटीनं खेळ करायचं ठरवलं. चित्रं काढता येत नव्हती, म्हणून काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. मेंढपाळ कळप घेऊन निघतो, वाटेला फाटे फुटतात. उजवीकडे जायचं तर एक दाबा, डावीकडे जायचं तर दोन. खेळणाऱ्यानं आपलं नशीब आपणच घडवायचं, अशी माझी भव्य कल्पना होती.

घरी संगणक नव्हता. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत साखऱ्याला आत्याकडे गेले, तेव्हा तो खेळ वहीत उतरवून नेला. आत्याचा जन्म मेंढरांमागं गेलेला. सोयाबीन निघालेल्या रानात मेंढरं चरत होती आणि आम्ही बांधावर बसलो होतो. मी संगणक झाले, आत्या खेळणारी.

"दोन वाटा हायेत. उजवी का डावी?"

"उजवी."

"लांडगा आला. एक कोकरू गेलं."

आत्याला खरंच वाईट वाटलं. म्हणाली, "पुन्यांदा खेळू. डावी."

मी पान उलटलं. "लांडगा आला. एक कोकरू गेलं."

आत्यानं वही हातात घेतली. वाचता येत नव्हतं, तरी दोन्ही पानं नीट पाहिली. "दोन्ही वाटंला त्योच लांडगा?"

"व्हय. दोन लांडगे लिहायचे तर प्रोग्राम लांबतो."

"मंग इचारतीस काहून?"

मी वही परत घेऊन पुढचं पान उघडलं. दुसऱ्या फाट्यावर मी शहाणपणानं एका वाटेवर लांडगा आणि दुसरीवर हिरवं गवत ठेवलं होतं. तेही तिला पटलं नाही. "कोन्त्या वाटंला काय हाय ते मला आधी ठाऊक न्हाई. मंग उजवी म्हनलं काय न् डावी म्हनलं काय, ती चिठ्ठी उचलल्यावानी झाली. त्यात माझं काय?"

आता मलाच राग आला. "मग तुझ्या वेळेला काय असायचं, सांग की!"

तिनं सांगितलं. एका साली कळप डोंगरकडा गावाकडे चालला होता. तिथल्या एका शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं शेतात बसवायला बोलावलं होतं; पाणी होतं, धान्य मिळणार होतं. मागून दुसरा एक कळप येत होता, त्याची धूळ दिसत होती. तेवढ्यात एक मेंढी विताना वाटेतच अडली. थांबलं तर शेत जाणार, निघालं तर मेंढी जाणार. मामा, म्हणजे आत्याचा नवरा, म्हणाले, चल. आत्या बसली.

"मग?"

"मंग काय? शेत गेलं. तुझा मामा आठ दिस बोलला न्हाई. कोकरू तिसऱ्या दिशी मेलं."

"म्हणजे चुकलंच की तुझं."

"चुकलं कशाचं? मेंढी जगली की. आजबी अडली तर थांबंन." मग उठता उठता म्हणाली, "पन त्या सालचा उन्हाळा लई तकलीफीचा गेला, हे बी खरं."

परत येऊन मी फाटे सगळे खोडले. खेळात एकच प्रश्न ठेवला: मेंढी अडली आहे, धूळ दिसते आहे. थांबायचं की निघायचं? थांबलं तर शेत दुसऱ्या कळपाला. निघालं तर शेत मिळणार, पण पुढच्या दर मुक्कामाला कळपातली त्या मेंढीची आई मागं वळून ओरडणार.

परीक्षेला नांदेडहून एक साहेब आले. सकाळपासून ग्रंथालयं पाहून त्यांचे डोळे मिटायला आले होते. माझ्यापुढे बसले आणि ताबडतोब 'निघायचं' निवडलं. शेत मिळालं म्हणून खूश झाले. पहिला मुक्काम: मेंढीची आई मागं वळून ओरडते. दुसरा मुक्काम: मेंढीची आई मागं वळून ओरडते.

"हे किती वेळा येणार?"

"शेवटपर्यंत, सर."

त्यांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि 'थांबायचं' निवडलं. शेत गेलं. साहेब माझ्याकडे वळले. "बरोबर उत्तर कोणतं मग?"

"तसं नाही, सर. ज्याचं त्यानं ठरवायचं."

"खेळात जिंकता आलं पाहिजे," ते म्हणाले. आमचे सर मागून हळूच म्हणाले, "खेड्यातली आहे, साहेब." पास होण्यापुरते गुण मिळाले आणि शेरा मिळाला: खेळ अपूर्ण.

पण चहा घेताना साहेबांनी सरांना विचारलेलं मी जिन्यात ऐकलं: "मेंढी अशी खरंच अडते का हो वाटेत? मग लोक काय करतात?"

सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी साहेबांपुढे बिस्किटांची बशी सरकवली.