तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

मार्ला ट्वेटेनला कुणी कॉफी विचारली की ती आधी ‘नको’ म्हणायची. दुसऱ्यांदा विचारली की ‘अहो, कशाला उगीच त्रास’ म्हणायची. तिसऱ्यांदा विचारली की ‘बरं, अर्धाच कप’ म्हणून बसायची आणि दोन कप पिऊन उठायची. यात मार्लाचं विशेष काही नाही. नॉर्थ डाकोटातल्या आमच्या लुंडेन गावात सगळेच असे. आजे-पणजे नॉर्वेहून आले तेव्हा बोटीत सामान फारसं मावलं नाही, पण ही रीत मात्र त्यांनी न विसरता आणली. पहिल्या फटक्यात ‘हो’ म्हणणारा हावरट, आणि दोनदा विचारून भांडं उचलून नेणारी बाई कंजूष. तिसऱ्यांदाही ‘नको’ म्हणणारा माणूस गावाने पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्याला काय म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं.

ऑर्लिन स्टेनरूडच्या औषधांच्या दुकानात मार्ला लागली ती शाळा संपल्या संपल्या. तो फार्मसिस्ट, ती मदतनीस. गोळ्या मोजायच्या, बाटल्यांवर नावं चिकटवायची, विमा कंपन्यांशी फोनवर भांडायचं. भांडणात तर तिचा हात कुणी धरला नसता. पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या, नवरा गेलन धान्याच्या कोठारावर कामाला लागला, आणि मार्ला त्याच काउंटरमागे राहिली. ऑर्लिन सत्तरीकडे झुकला तसा गावाला घोर लागला. आमच्या राज्यात औषधाचं दुकान फार्मसिस्टच्याच मालकीचं असावं लागतं. ऑर्लिनचा मुलगा ॲरिझोनात घरं विकतो, त्याला गोळ्यांचं वावडं. बाहेरचा कुणी फार्मसिस्ट आमच्याकडच्या थंडीत कुडकुडायला येणार नाही. म्हणजे ऑर्लिन थकला की दुकान गेलं, आणि म्हाताऱ्यांनी रक्तदाबाच्या गोळीसाठी बर्फातून शहर गाठायचं.

अशात शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठाने फार्मसीची ‘डॉक्टर’ ही पदवी नोकरी सांभाळून, घरबसल्या घेता येईल असा अभ्यासक्रम काढला. ती बातमी आणली ऑर्लिननेच. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने मार्लाला बसवलं.

“पोरी, तू ही पदवी घे. दुकान तुझं.”

“छे हो, मला कुठलं झेपायला!”

“मी मनापासून सांगतोय. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला जीव होत नाही.”

“बघू. एखादा चांगला माणूस मिळेलही तुम्हाला.”

तेवढ्यात दाराची घंटा वाजली, कुणीतरी खोकल्याचं औषध मागायला आलं आणि बोलणं तिथेच थांबलं. मार्लाला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दोनदा विचारून झालं होतं. तिसऱ्यांदा तो पदवी हातात आल्यावर विचारेल, हे तिने गृहीतच धरलं. तिनेच काय, सगळ्या गावाने धरलं. कागदावर लिहून मागावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. लुंडेनमध्ये कागद मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं.

मग सुरू झाली ती शिक्षणाची वर्षं. मार्लाच्या शेतावरच्या घरी इंटरनेट म्हणजे नुसता वैताग, म्हणून पाद्रीबाबांनी चर्चच्या तळघराची किल्ली दिली. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती तिथे जाऊन, छोट्या मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे दुमडून व्याख्यानं ऐकायची. पलीकडच्या टेबलावर बायका नाताळच्या विक्रीसाठी बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटत असायच्या. मूत्रपिंडावरची व्याख्यानं त्यांनी इतकी ऐकली की बर्नीस म्हातारी लाटणं थांबवून उलटे प्रश्न विचारायला लागली. रसायनशास्त्रात मार्ला एकदा सपशेल आपटली. पुस्तकं गुंडाळून ती ऑर्लिनला सांगायला गेली की झालं तेवढं पुरे. तो म्हणाला, “मी तुझ्यासाठीच थांबलोय ना? आणखी थांबतो.” त्या एका वाक्यावर तिने पुस्तकं परत उघडली.

उन्हाळ्यात प्रयोगांसाठी विद्यापीठात जाऊन राहावं लागे. त्यातच धाकट्या मुलीची चर्चमधली दीक्षा होऊन गेली. सगळ्या पोरींच्या आया पहिल्या रांगेत बसल्या, आणि मार्लाच्या जागी आत्या. लेक बरेच दिवस धड बोलली नाही. शहरातल्या इस्पितळाने मार्लाला चांगली नोकरी देऊ केली, तीही तिने नाकारली. इस्पितळ काही लुंडेनचं नव्हतं. एकदा ‘नको’ ऐकलं, परत विचारलं नाही.

सुई टोचायला ती संत्र्यांवर शिकली. मग खऱ्या माणसाची वेळ आली तेव्हा ऑर्लिनने स्वतःची बाही वर केली. “टोच. दुखलं तर ओरडेन,” म्हणाला. ओरडला नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामाचे महिने तिने त्याच्याच दुकानात, त्याच्याच हाताखाली काढले. वसंत संपता संपता तो तिला म्हणाला की एकेका गिऱ्हाइकाला फोन कर, पत्ते, विमा, सगळं नीट करून घे. सोपवायच्या आधी घर आवरून ठेवलेलं बरं. मार्लाने गाणं गुणगुणत गावभर फोन केले. आपलंच घर आवरायचं तर कंटाळा कसला?

पदवी मिळाली, परवान्याची परीक्षाही पार पडली. चर्चच्या तळघरात जेवण झालं. ऑर्लिनने भेट म्हणून पांढरा कोट आणला होता, त्यावर ‘डॉ. मार्ला ट्वेटेन, फार्मसिस्ट’ असं भरतकाम केलेलं. दुकानाचं नाव तेवढं नव्हतं. मार्लाला वाटलं, आता नाव बदलायचं असेल म्हणून सोडलं असेल. ती कॉफी वाढत फिरत होती आणि कान ऑर्लिनकडे. त्याने दोनदा केक घेतला, “छान झालं हो,” म्हणाला आणि बायकोला घेऊन निघून गेला. चारचौघांत बोलायचा त्याचा स्वभावच नाही, सोमवारी दुकानात विचारेल, अशी मार्लाने मनाची समजूत घातली.

सोमवारी ती नवा कोट घालून गेली. दाराला कुलूप, आणि काचेवर चिकटवलेली सूचना. दुकान कायमचं बंद झालं आहे, सर्वांच्या औषधांच्या नोंदी शहरातल्या अमुक दुकानाकडे दिल्या आहेत, इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल आभार. मार्लाने किल्ली लावून पाहिली. कुलूप नवं होतं.

बर्नीस म्हातारी काठी टेकत शेजारी उभी होती. “मार्ला, अगं तू तरी सांगायचंस,” ती म्हणाली. “फोन करून पत्ते तूच घेतलेस ना?”

पत्ते कशाला हवे होते ते मार्लाला तेव्हा कळलं. शहरातल्या दुकानदाराला लुंडेनच्या चार भिंती नको होत्या, त्याला माणसं हवी होती, आणि ती तिनेच एकेक करून मोजून दिली होती. केसाने गळा कापतात तो असा. आणि गाव समजणार की ही पण सामील होती.

ती तशीच कोट घालून स्टेनरूडांच्या घरी गेली. ऑर्लिनच्या बायकोने, आर्डिसने, दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. ऑर्लिन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता.

“कधी विकलंत?” मार्लाने उभ्यानेच विचारलं.

“वसंतात.”

“म्हणजे मी तुमच्या हाताखाली शिकत होते तेव्हा.”

“कुणाला सांगायचं नाही अशी अट होती घेणाऱ्याची. मी तरी काय करणार?”

थकलो म्हणाला असता, चुकलो म्हणाला असता, तर मार्ला तिथेच रडली असती आणि माफही करून मोकळी झाली असती. तशी ती मऊ. पण ऑर्लिनने मान वर केली आणि म्हणाला, “मी तुला विचारलं होतं, मार्ला. एकदा नाही, दोनदा विचारलं. तू नको म्हणालीस.”

परक्याने हे म्हटलं असतं तर मार्लाने सोडून दिलं असतं. पण हा इथलाच, हिच्याच आईच्या हातची कॉफी तिसऱ्या आग्रहानंतर प्यायलेला! सगळं ठाऊक असून तिच्या सभ्यपणाच्या आड लपत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ऑर्लिन, आजवर तुम्ही दुसऱ्या आग्रहाला कुणाकडे कॉफी प्यायलात, त्या घराचं नाव सांगा मला.”

हे आर्डिसला सोसेना. ती कॉफीचं भांडं घेऊन पुढे आली. “थोडी घे ना, मार्ला.”

“नको.”

“अगं, केलेलीच आहे.”

“नको, आर्डिस.”

मग ऑर्लिननेच कप तिच्याकडे सरकवला. “घे, मार्ला,” तो म्हणाला.

या माणसाने आपल्याला तिसऱ्यांदा काहीतरी विचारावं म्हणून ती इतकी वर्षं थांबली होती. विचारलं ते हे.

“नको,” मार्ला म्हणाली आणि निघाली.

दार लागलं तरी आर्डिस भांडं धरून तशीच उभी होती. यापुढे काय करायचं असतं, ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.