एका लॉगिनवर सगळी गावं

नांदेडच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या संगणक विभागात मी काम करते. विभाग म्हणजे एक खोली, एक कुरकुरणारा एसी आणि दोन माणसं: मी आणि माझे सर. आमची दुसरी मोठी लॅब लातूरला आहे. शिवाय नायगाव, जळकोट, शिरूर अनंतपाळ अशा बऱ्याच गावांत रक्ताचे नमुने घेणारी केंद्रं आहेत. नमुने संध्याकाळी गोळा होऊन येतात आणि तपासून झाले की सकाळी ज्या त्या गावाचे रिपोर्ट ज्या त्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर जातात. पाठवायचं काम स्क्रिप्ट करते, म्हणजे कॉम्प्युटरला आधीच लिहून दिलेल्या सूचना. सरांनी ती लिहिली तेव्हा केंद्रं मोजकीच होती. सर्व्हरला लॉगिन करायचं, एका गावाचे रिपोर्ट काढून पाठवायचे, मग पुढचं गाव घ्यायचं, आणि शेवटी लॉगआउट.

केंद्रं वाढत गेली, स्क्रिप्ट तीच राहिली. शिरूर अनंतपाळचं केंद्र सगळ्यात शेवटी जोडलेलं, म्हणून त्याचा नंबरही शेवटचा. घराच्या पुढच्या खोलीत ते केंद्र चालवणाऱ्या काकूंचा आवाज मला तोंडपाठ झाला होता.

"ओ ताई, लोकं सकाळपासून बसून राह्यलेत हितं. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर दुपारच्याला लातूरला वापस जातेत. ते गेल्यावर ह्या रिपोर्टचं काय करू मी?"

"काकू, चालू आहे काम. तुमचा नंबर शेवटचा आहे."

"मग पहिला करा की. आम्हीच कशापायी शेवटी?"

मी एकदा खरंच शिरूर पहिलं केलं. त्या दिवशी जळकोटचा फोन आला.

म्हणून मी ठरवलं की सगळ्या गावांचं काम एकदमच सुरू करायचं. कॉम्प्युटरला ते जमतं. मूळ स्क्रिप्ट पुढं चालू असते आणि मागं प्रत्येक गावासाठी एकेक काम वेगळं चालतं. सर म्हणाले, "चाललंय ते चालू द्या न." पण अडवलं नाही.

पहिल्या दिवशी मागं सोडलेल्या प्रत्येक कामानं एकच निरोप दिला: सर्व्हरशी जोडलेलं नाही. माझ्या पडद्यावर तर लॉगिन झालेलं दिसत होतं. जरा शोधल्यावर कळलं की मागचं प्रत्येक काम कोऱ्या पाटीनं सुरू होतं. मी पुढं काय करून ठेवलंय याचा त्याला पत्ताच नसतो.

मग मी प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन करायला लावलं. पटापट रिपोर्ट निघायला लागले. मी खुशीत होते तेवढ्यात लातूरच्या काउंटरवरच्या दादांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही काही करून राहिलात का? इथं उपाशीपोटी लोक उभे हायत. नाव घ्यायला बसलो तर सर्व्हर म्हणतोय, जागा न्हाई."

आमच्या सर्व्हरला एका वेळी ठरावीकच लॉगिन चालायची. सगळ्या जागा माझ्या कामांनी अडवल्या होत्या. मी ती कामं तिथल्या तिथं बंद केली. फोनमधून मागचा गलका ऐकू येत होता. एक बाई म्हणत होती, चहासुद्धा घेतला नाही सकाळपासून. सर खाली जाऊन दोन चहा घेऊन आले आणि म्हणाले, "आता सध्या जुनंच चालवा."

काही दिवस जुनंच चाललं. काकूंचे फोनही चालले. मी मात्र वाचत होते. लॉगिन झालं की सर्व्हर आपल्याला अक्षरांची एक लांबलचक किल्ली देतो. हा माणूस एकदा आत घेतलेला आहे, एवढंच ती सांगते. मागच्या कामांच्या हाती ती दिली तर ती कामंही त्याच जोडणीवरून चालू शकत होती. नवं लॉगिन नको, जास्तीची जागाही नको.

हे सांगितल्यावर सरांनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. त्यांचं एकच म्हणणं होतं. "ही किल्ली कुठल्या फाइलीत लिहून ठेवायची नाही. ज्याच्या हाती पडली, त्याला दार उघडंच." म्हणून काम सुरू होतानाच किल्ली सरळ त्याच्या हातात जाईल असं केलं. सरांनी एकेक ओळ वाचून पाहिली. इतक्या दिवसांत आम्ही पहिल्यांदाच एका पडद्यासमोर बसलो होतो.

चालवलं. नायगावचे रिपोर्ट पूर्ण गेले, जळकोटचे अर्धे, शिरूरला एकही नाही. पुन्हा चालवलं आणि दोघं टक लावून बसलो. नायगावला नमुने कमी, त्याचं काम आधी संपलं. ते संपलं त्याच क्षणी बाकीची सगळी थांबली.

सर हसायला लागले. "नायगाववाला निघताना घरातला दिवाच मालवून गेला की हो!"

जुन्या स्क्रिप्टची शेवटची ओळ होती लॉगआउट. एकामागून एक गाव घेताना ती बरोबर होती. आता ती प्रत्येक कामात उतरली होती, आणि जोडणी मात्र सगळ्यांची एकच. आम्ही ती ओळ मागच्या कामांतून काढली. सगळी कामं उरकेपर्यंत मूळ स्क्रिप्टनं थांबायचं आणि शेवटी तिनं एकटीनं लॉगआउट करायचं, असं ठेवलं. तेव्हापासून आजपर्यंत ती तशीच चालते आहे.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आलाच. "ताई, मी शटर उघडायच्या आधीच सगळे येऊन पडलेत. आता येवढे छापू कधी?"

पुढं दिवाळीच्या आधी लातूरच्या लॅबमध्ये काम निघालं. ते आटोपून मला उदगीरला माहेरी जायचं होतं. जरा वाट वाकडी करून शिरूरला उतरले. काकूंनी मला खालीवर न्याहाळलं.

"त्या नांदेडवाल्या ताई तुम्हीच? फोनवर आवाजावरनं मला वाटलं, लई वयस्क असताल."

त्यांनी भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा बशीभर सुशीला पुढं ठेवला, वर शेव भुरभुरली. मी खात होते तोवर लोक येत होते, आपला कागद घेऊन समोरच्या दवाखान्यात जात होते. एका आजोबांनी कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि काकूंना विचारलं, "साखर हाय का?"

"ते डॉक्टर सांगतेत. जावा, बसलेत ते अजून."

आजोबांनी कागदाची घडी टोपीत खोचली आणि रस्ता ओलांडून गेले. काकूंनी मला आणखी सुशीला वाढला. नको म्हटलं तरी वाढला.