सगळ्यांनी मिळून पाहण्यासारखी मालिका

वडिलांनी मला आरमोरीच्या स्टँडवर नागपूरच्या एसटीत बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि खिडकीतून एवढंच म्हणाले, "डोये सगळ्याइले आहेत. तोंड तुलेच काऊन?" गाडी सुटायच्या आत ते वळून निघूनही गेले. माझी दहावी व्हायची होती. नागपुरात मावशीकडे शिकले, लग्नानंतर पुण्याला आले.

गुन्हा माझा असा. गुप्तहेराची ती मालिका आमच्या घरी सगळे मिळून बघत. सिनेमाचं गाणं लागलं की वडील टीव्ही बंद करत, पण ही मालिका त्यांना पसंत होती. शिवी नाही, बायकांच्या अंगावर पुरते कपडे, शेवटी खरं बाहेर येतं. पोरीबाळींनी पाहावं असं हेच एक, म्हणायचे. दर भागात कोणीतरी मरायचं, त्याला हरकत नव्हती. खुनी मी आधी ओळखायची, म्हणून काका मला पोलिसीण म्हणायचा. काकी चुलीपासून नुसता आवाज ऐकायची. पुष्कळदा तिचं तोंड सुजलेलं असायचं. काका मारतो, हे शोधायला गुप्तहेर लागत नव्हता.

मग काकी तलावात सापडली. शिंगाड्याच्या वेलात पाय अडकला, असं काकानं सांगितलं. आमचं घर मासेमारीचं. काकी त्या वेलांतच वाढलेली. आमच्याकडची बाई काष्टा मारल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. काकीची साडी पायघोळ होती, घरात असते तशी. काठावर अख्खं गाव उभं होतं. मी मोठ्यानं विचारलं, "काकीनं काष्टा काऊन नाई मारला?"

आईनं माझं तोंड दाबलं. बायकांनी घाईनं काकीवर चादर ओढली. तेरवीच्या आधी मी एसटीत होते. वर्षाच्या आत काकानं दुसरी आणली. मालिका मात्र घरात बंद झाली. ती पाहून पोरी बिघडतात म्हणे.

आता माझं डब्यांचं काम आहे. ऑर्डर, पॅकिंग, डिलिव्हरी यात दिवस जातो. मागच्या महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकानंच लिंक टाकली: जुनी मालिका, एकदम स्वच्छ, सगळ्या फॅमिलीनं मिळून पाहा. गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या दूर गेलेल्यांनीही खाली हात जोडलेत. मी पाहिले. माझ्या भावानं फोटोही टाकला: म्हातारा काका मधोमध खुर्चीत, मांडीवर नातवंड, मागे भिंतीवर काकी, हार घातलेली.

परवा भावाचा फोन आला. त्याची मुलगी खुनी सगळ्यांच्या आधी ओळखते, म्हणाला. आवाजात कौतुक नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मालिका चालू असताना तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून काकाला विचारलं, "आबा, हे आजी कायनं मेली?" कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

"बाई, सुट्टीत तिले तुह्याकडं पाठवू का?" भाऊ म्हणाला.

"काऊन?"

"लय बोलून राह्यली."

पाठव म्हटलं. वडील गेले, पण त्यांची रीत घरानं सोडलेली नाही.

घराची आठवण येते का, असं तुम्ही पुण्यातली माणसं विचारता. येते. पण त्या घरानं बाहेर काढलेली पोर जिथं उतरते, ती ही दोन खोल्यांची जागा आता माझं घर आहे. खाट आणलीय. जवळच्या शाळेत प्रवेशाचं विचारून ठेवलंय, भावाला ते अजून सांगितलेलं नाही. आणि पोरीच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत.